अमावास्येची सुई

विमलताईंचा कुत्रा बंड्या चौतीस वर्षांचा होता, पण काल संध्याकाळपर्यंत तीन वर्षांचा असल्यासारखा धडाधड जिना चढत होता. आज सकाळी विमलताईंनी त्याला चादरीत गुंडाळून दवाखान्यात आणलं, तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं आणि डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला होता.

डॉक्टर आरवाड्यांनी लसीचं कार्ड पाहिलं. "बूस्टरची तारीख काल होती, ताई. एक दिवस जरी चुकला तरी थोपवलेलं सगळं वय एकदम अंगावर येतं. दरवर्षी सांगतो मी तुम्हाला."

"काल अमावास्या होती हो. मुक्या जिवाला अमावास्येला कशाला सुई टोचायची? म्हटलं, आज आणू."

"आता टोचून उपयोग नाही. दुपारपर्यंत आटोपेल."

बंड्याचा एक दात चादरीवर गळून पडला. विमलताई हुंदके देत त्याला कुरवाळायला वाकल्या, तसा त्यांचा पदर सरकला. दंडावर गोल निळी पट्टी होती. माणसांना बूस्टर दिल्यावर लावतात तीच, ताजी. एकोणनव्वद वर्षांच्या विमलताईंचा तो दंड पंचविशीतल्या मुलीसारखा तुकतुकीत होता.

"तुमचा डोस कधी झाला?" डॉक्टरांनी विचारलं.

विमलताईंनी पदर ओढून घेतला.

"काल."

"अमावास्येला?"

"मग काय करणार? माझी तारीख चुकवून कसं चालेल?"

त्यांचा आवाज ऐकून चादरीखाली बंड्याची शेपटी हलली.