मध्येच थांबलेली कविता

शाळा सुटली की दिव्यानी आणि तिच्या गावची पोरं मोठमोठ्यानं इंग्रजी कविता म्हणत जंगलवाटेनं घरी जात. माणसांचा आवाज आला की वाघ वाट सोडतो, म्हणून. इंग्रजीचे बोरकुटे सर शाळेच्या फाटकाशी उभे राहून तो आवाज विरेपर्यंत ऐकत.

आज कविता मध्येच थांबली. काठी उचलून सर धावत सुटले.

मोहाच्या झाडाखाली पोरं एकमेकांना चिकटून गप्प उभी होती.

"काऊन थांबले रे?" सरांनी कसंबसं विचारलं.


दिव्यानी खाली बघत म्हणाली, "पुढची ओळ आठवून नाई राह्यली, सर. चुकीची म्हटली तर तुमी रागावता."