फेकू नका, फिरवा

बोईसरच्या कारखान्यात नरहरी सरांचं दिवसभराचं प्रशिक्षण झालं. कुठलीही वस्तू टाकून न देता ती दुरुस्त करून पुन्हा वापरात कशी आणायची, हा विषय. 'फेकू नका, फिरवा' असं त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंही होतं. शेवटी मात्र त्यांनी सगळ्यांना झापलं, "यासाठी अंगात कौशल्य लागतं. तुमच्यात ते औषधालासुद्धा नाही!"

"शिकू की सर, हळूहळू," स्टोअर सांभाळणारे खंडेराव हात जोडून म्हणाले आणि त्यांनी सरांच्या खांद्यावर शाल घालून हातात नारळ ठेवला.

पालघरला घरी पोचल्यावर सरांनी शाल उलगडली, तर कोपऱ्यात उदबत्तीनं पडलेलं भोक हिरव्या दोऱ्यानं नीट रफू केलेलं.

"बघ, बघ! सत्काराला जुनी शाल! लाज कशी वाटत नाही लोकांना?" सर बायकोवर ओरडले.

नर्मदाबाईंनी शाल हातात घेऊन ते भोक निरखून पाहिलं.


"अहो, हळू बोला! हीच शाल आपण बेटेगावच्या व्याह्यांना दिली, तेव्हा भोक तसंच होतं. रफू तेवढं मधल्या कुणीतरी केलंय."