काचेवरची वाफ

सावली गावच्या एका दवाखान्यात मी तीस वर्षं जखमा पुसून पट्ट्या बांधणारा ड्रेसर होतो. काहीही पुसायचं तर स्पिरिटनंच, हाताला तीच सवय. यावरून आमची रिना ओरडायची, "बाबा, लॅपटॉपले स्पिरिट नोका लावू, काचेची चमक जाते. बंद करा, थंड होऊ द्या, आन् मऊ कपडा जरासा ओला करून हलक्या हातानं पुसा."

रिना जाऊन सात महिने झाले. रोज दुपारी मी आणि माझी बायको ठमाबाई तिचा लॅपटॉप तसाच पुसतो. बंद काळ्या काचेत आम्ही दोघं दिसतो आणि आमच्या मधे रिना बसलेली दिसते. इकडे मधली खुर्ची रिकामीच असते.

आज रिनाच्या तोंडासमोर काचेवर वाफ धरली होती. पाण्यानं ती जाईना.

"पोरीचं तोंड दिसून नाई राह्यलं," ठमाबाई रडकुंडीला आली. "पुसा ना नीट."

माझा हात स्पिरिटच्या बाटलीकडे गेला. दोनदा घासलं आणि काच लख्ख झाली.

रिना स्पष्ट दिसली. तिच्या दोन्ही बाजूंना आम्ही नव्हतो.

ठमाबाईनं माझा दंड घट्ट धरला. काचेत रिना मान वळवून वळवून आम्हाला शोधत होती. तिचं तोंड हलत होतं, आणि काचेवर पुन्हा वाफ धरायला लागली होती.