नायिकेचे संवाद

लेखकाने लग्नाआधी लिहिलेला प्रेमपट तुफान चालला होता. आता दुसऱ्या भागात त्याच जोडप्याचा मुरलेला संसार दाखवायचा होता. नायिकेचे संवाद अडले, की हा पठ्ठ्या ओला टॉवेल मुद्दाम पलंगावर टाकायचा. बायकोच्या तोंडाचा पट्टा सुटायचा, आणि हा निमूटपणे सगळं ऐकून लिहायला बसायचा.

"लेका, बाईच्या मनातलं तुला इतकं नेमकं कळतं कसं?" दिग्दर्शक विचारायचा. लेखक विषय बदलायचा.

पहिल्या खेळाला बायको शेजारीच बसली होती. पडद्यावर नायिका म्हणाली, "तुझं प्रेम म्हणजे पाहुण्यांच्या कपबश्या. घरच्यांसाठी कधी बाहेर निघतच नाहीत." थिएटरभर टाळ्या पडल्या. बायकोने फक्त एकदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

शेवटच्या दृश्यात नायक नायिकेचा हात धरून म्हणाला, "चुकलं गं माझं." लोक डोळे पुसायला लागले. लेखकानेही धीर करून शेजारचा हात धरला.

 

"बाकीचं सगळं माझंच होतं," ती हळूच म्हणाली. "हे एक वाक्य तेवढं आज पहिल्यांदा ऐकलं."