ड्रॅगनचे अकरा सेकंद

“सर, काल ड्रॅगन मेला तेव्हा तुम्ही रडलात का?”

“हिंमत असेल तर विचार,” असं मैत्रिणींनी डिवचलं म्हणून मी विचारलं. मालिकेचा शेवटचा भाग बघून आमचा अख्खा वर्ग डोळे सुजवून आला होता आणि फिजिक्सचे सर नेहमीच्याच चेहऱ्याने फळा पुसत होते.

“नाही,” सर म्हणाले. “तो ज्या मनोऱ्यावरून पडला, तो ऐंशी मीटरचा. तिथून मेलेला ड्रॅगन चार सेकंदांत खाली यायला हवा. याला अकरा लागले.”

“स्लो मोशन असेल, सर,” मागून कुणीतरी नाक ओढत म्हणालं.

“मागे पाऊस नेहमीच्याच वेगाने पडत होता. सहा वेळा बघितलंय मी.” सरांनी डस्टर खाली ठेवलं. “म्हणजे तो पंख मारत होता, बाळांनो.”

आम्ही इतक्या जोरात किंचाळलो की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या.

घरी कॉमर्सचा फॉर्म भरून तयार होता, माझी सही तेवढी बाकी होती.

“आई, बाबा, मी सायन्स घेतेय,” दप्तर पाठीवर असतानाच मी सांगून टाकलं. “आणि कुणीही मेलेलं नाही.”