तख्ताचा वारस

धाकटा सुलतान तापाने गेला, तेव्हा राजमाता माहपरवर बेगम पहिल्यांदाच कैदेतल्या थोरल्या मुलाला, फरामर्झला, भेटायला आली. धाकट्याला तख्त मिळावं म्हणून तिनेच थोरल्याचे डोळे काढवले होते.

"तुझा मुलगा दे. वारस म्हणून आता तोच उरलाय," ती म्हणाली.

फरामर्झने लेकाला जवळ ओढलं. त्याच्या कपाळावरून, भुवयांवरून हळूहळू बोटं फिरवली. मुलाच्या मिटलेल्या पापण्यांवर बोटं थांबली.

"घेऊन जा, अम्मीजान. पण मोठा झाल्यावर यानं तुमचं ऐकलं नाही, तर काय कराल?"

पोराचा हात धरून ती निघाली.

नातू तख्तावर बसला. रोज सकाळी सलाम करताना तो आजीकडे बघून हसायचा. त्याच्या डोळ्यांत पाहणं तिला मरेपर्यंत जमलं नाही.