चंद्रीचं पथ्य

"पाणी! सरळ सरळ पाणी घालते ही बाई!" शेजारच्या अण्णांनी पातेलं अनुजासमोर आपटलं. तापवलेल्या दुधावर साय म्हणून नुसता एक डाग होता.

दूधवाली राधाबाई जिन्याशी उभी होती. "माझ्या चंद्री गाईची शपथ अण्णा, थेंबभर जरी घातलं असेल तर."

"महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर सगळी चाळ पिशवीचं दूध घेईल." अण्णा चाळीचे सेक्रेटरी. आणि राधाबाईचं जवळजवळ सगळं दूध याच चाळीत खपायचं.

नववीतल्या अनुजाचं डोकंच फिरलं. तिने शाळेतून लॅक्टोमीटर आणून दुधात सोडला. पाणी नव्हतंच! मग साय गेली कुठे?

ते जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. चंद्री लालबागच्या देवळाबाहेर बांधलेली असायची आणि पुण्य कमवायला आलेले लोक तिला दिवसभर कणकेचे गोळे, लाडू, गूळपोळी भरवायचे.

"पोटात आंबतं ते सगळं," डॉक्टर म्हणाले. "तिला चघळायला चारा हवा, रवंथ हवा. नाहीतर दुधातलं फॅट उतरतं. गोड आणि पीठ बंद करा. दोन-तीन आठवड्यांत साय धरेल."

अनुजाने मोठ्ठा बोर्ड रंगवला: 'फक्त गवत आणि कडबा. लाडू स्वतः खा!' शाळा सुटली की ती तिथेच उभी.

"देवाचं करतोय, तुझं काय जातंय?" एक काका चिडले.

"काका, तुम्हाला शुगर झाली की तुम्ही पथ्य पाळता ना? मग तिलाही पाळू द्या की!"

सकाळी राधाबाई पहारा द्यायची. लोक कुरकुरले, पण थांबले.

आजीला नातीचं भारी कौतुक. बोर्ड लागला त्या दिवसापासून तिने अनुजाकडे शाळेत जाताना एक जड डबा द्यायला सुरुवात केली. "देवळाकडच्या फुलवाल्या शेवंतीक दी गो. एकटीच बाई ती, खायत बिचारी."

अनुजा रोज डबा पोचवायची. एवढं खाऊन शेवंती काटकुळी ती काटकुळीच!

तीन आठवडे होत आले. दूध तसंच पातळ. अण्णा जिन्यात भेटले की मुद्दाम हसायचे. राधाबाईने तर हायच खाल्ली. "पोरी, चंद्रीला गावाला धाडते आता. इथे कोण विश्वास ठेवणार?"

"काय वैताग आहे! कोणीतरी चोरून भरवतंय तिला!"

दुसऱ्या दिवशी अनुजाने नेहमीसारखा डबा दिला, पण शाळेत न जाता नारळवाल्याच्या गाडीआड लपली. राधाबाई चहा प्यायला गेली. लगेच शेवंती उठली, तिने डबा उघडला आणि त्यातली पुरणपोळ्यांची चळत सरळ चंद्रीच्या तोंडाशी धरली.

"शेवंतीताई!" अनुजा धावतच आली. "तुम्ही? एवढा मोठा बोर्ड दिसत नाही?"

शेवंती दचकली. मग पदराने तूप पुसत हसली.

"आजींनी तुला सांगू नको म्हटलंय. अगं, तुझंच खरं ठरावं म्हणून नवस बोलल्यात त्या. साय धरेपर्यंत रोज चंद्रीला पुरणपोळी."